टीव्हीचं काय झालं ते

पुणे, १२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार,

हे फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने "जेवलीस का" विचारलं असतं. म्हणून लिहितेय. धनत्रयोदशीला तुमच्याकडे पंचावन्न इंची टीव्ही येणार, असं मी दादाला सांगून ठेवलं होतं. त्याच्या पोटात काही राहत नाही, तेव्हा तुम्हालाही कळलं असणारच. तर तो टीव्ही येणार नाही.

पैसे नाहीत असं नाही. बोनस झालाय. शिवाय २२ सप्टेंबरपासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, त्यामुळे दुकानदारांना नुसता चेव चढलाय. काल गेले होते. तो मुलगा कार्ड मशीनमध्ये घालणार एवढ्यात त्याने विचारलं, "मॅडम, भिंत केवढी आहे? हा चार फूट रुंद आहे." आणि मला आपल्या घरातली भिंत आठवेना. खिडकी डावीकडे, बाबांचं घड्याळ मध्ये, आजीचा फोटो त्याच्या खाली की शेजारी? ज्या घरासाठी पाऊण लाखाची वस्तू घ्यायला निघाले, त्या घरी मी फेब्रुवारीनंतर आलेलीच नाही. "विचारून सांगते" म्हटलं आणि बाहेर आले.

गेल्या वर्षीचा एअर फ्रायर आठव आई. गणपतीत दादाने फोटो पाठवला होता, त्याच्या टोपलीत तू लसूण ठेवतेस. हवेशीर राहतो म्हणे! तेव्हा राग आला होता, आता वाटतं लसणाचं तरी भलं झालं. मला यायला जमत नाही म्हटलं की मी खोकं पाठवते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तुम्ही कधी बोलला नाहीत, एवढंच.

बाबा, आता तुमच्या कामाचं. गेल्या दिवाळीत मी फोन घेतला, ४८,००० चा, 'नो कॉस्ट ईएमआय'वर, चार-चार हजारांचे बारा हप्ते. "बिनव्याजी कर्ज कोण देतं गं?" असं तुम्ही विचारलंत आणि मी हसले. परवा शेवटचा हप्ता गेला, तेव्हा सगळी स्टेटमेंटं काढून बसले. बँकेने सोळा टक्क्यांनी ३,९१३ रुपये व्याज लावलंच होतं, फक्त तेवढी सूट आधी किमतीत दाखवली होती. व्याजावरचा जीएसटी, ७०४ रुपये, तो मात्र माझ्या खिशातून. वर १९९ रुपये प्रोसेसिंग फी, तिच्यावर परत जीएसटी. आणि रोखीने घेणाऱ्याला तोच फोन दोन हजारांनी स्वस्त होता! शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना लिहून कळवलंय. जन्मभर बँकेत कॅशला बसलेल्या माणसाला मी हसले होते.

तुमची ती खाकी पाकिटं आठवली. वाणी, शिंपी, फटाके, ओवाळणी. फटाक्यांचं संपलं की संपलं. एका वर्षी भुईनळ्यांसाठी मी जिन्यात बसून रडले आणि तुम्ही शिंप्याच्या पाकिटाला हात लावला नाहीत. (आईने वाण्याच्या पाकिटातून दहा रुपये काढून दिले होते. आता सांगायला हरकत नाही.) त्या पाकिटांचा मला पुढे कितीतरी वर्षं राग होता. अजून पूर्ण गेलेला नाही, खरं सांगते.

पण तुम्हाला मोह नव्हता असंही मी मानत नाही. तुमच्या वेळी दुकानं नऊला बंद व्हायची. माझं दुकान उशाशी असतं आणि रात्री बारा वाजता 'शेवटचे दोन तास' म्हणून वाजतं. उद्या उघडलं की परत शेवटचेच दोन तास. म्हणून ॲपमधून कार्ड काढून टाकलंय. आता काही घ्यायचं तर उठून पर्स शोधा, सोळा आकडे टाका. निम्म्या वेळा मी उठतच नाही. एकदा उठले, ती एक पैठणी. ती घेतली. ओरडू नका.

आई, तुझं धनत्रयोदशीचं एक ग्रॅम मात्र घे. तोळा सव्वा लाखाच्या आसपास गेलाय म्हणून मागे सरू नकोस. तू वर्षभर भिशी भरून घेतेस, हप्त्यावर नाही.

मी वसुबारसेला, १७ तारखेला, रात्रीपर्यंत पोचते. भाऊबीज करूनच निघेन, रजा मंजूर झालीये. भाजणी दळून आणू नकोस, मला गिरणीत यायचंय. बाकी काही आणत नाही. फक्त बाबा, तुमच्या रिमोटला रबरबँड लावून सेल आत दाबून ठेवलेत ना, ते पेन्सिल सेल आहेत की त्याहून बारीक, तेवढं दादाकरवी कळवा.

तुमची,
धाकटी