पुलाखालचा फोन

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या बैठकीत जवळच्या पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांचा विषय निघाला. पाणी, कचरा हे बोलून झाल्यावर एक शेजारी म्हणाले, ‘‘राहायला घर नाही, पण प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन! बसतात व्हिडिओ बघत.’’ बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. तेव्हा बोलायला हवं होतं, ही रुखरुख जात नाही, म्हणून हे पत्र.

भाजी आणायला जाता-येता या कुटुंबांशी माझी काही वर्षांची ओळख आहे. त्यातले एक काका माण तालुक्यातले. दिवसभर नाक्यावर मिळेल ते काम आणि जेवण झाल्यावर यूट्यूबवर बैलगाडी शर्यती. कुठल्या मैदानात कुणाची जोडी पळाली, ते त्यांना तोंडपाठ असतं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला, ही बातमी मला त्यांनीच सांगितली. असा खुललेला चेहरा मी त्यांचा एरवी पाहिला नव्हता. काकूंना रांगोळीचे व्हिडिओ आवडतात. ठिपके मोजून त्या नक्षी मनात बसवतात आणि दिवाळीत फूटपाथच्या हातभर जागेत काढतात. पलीकडची पोरं एकाच फोनवर चौघांत लुडो खेळतात. एक आजी झोपताना हरिपाठ लावतात, अगदी हळू आवाजात, शेजारी कुणी उठू नये म्हणून. आणि फोटो! भिंतच नसलेल्या माणसाने गेलेल्या मुलाचा फोटो टांगायचा कुठे? तो फोनमध्येच असतो. सामान उचलणारी गाडी येते तेव्हा काकू भांड्यांआधी फोन कमरेला खोचतात, त्याचं कारण हे आहे.

एवढी करमणूकही त्यांना सहज मिळत नाही. चार्जिंगसाठी टपरीवर दर वेळी १० रुपये मोजावे लागतात. रात्री फोन उशाखाली ठेवला तरी चोरीला जातो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वायफाय सुरू झालं, त्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा गरिबाच्या आवाक्यात आला. पण स्थानकावरच्या वायफायला मार्च २०२१ पासून पैसे मोजावे लागू लागले. मोफत उरली रोजची पहिली ३० मिनिटं, तीही १ एमबीपीएस वेगाने. त्यासाठी ओटीपी लागतो आणि रिचार्जअभावी नंबर बंद पडला की ओटीपी येत नाही. नवं सिम घ्यायला पुन्हा कागदपत्रं आणि पत्ता.

२०१८ मध्ये एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने तिथल्या वायफायवर अभ्यास करून केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. देशभर त्याचं कौतुक झालं, ते योग्यच. पण गरिबाने फोनवर अभ्यास केला तर शाबासकी आणि शर्यत बघितली तर उधळपट्टी, ही कुठली मोजपट्टी? आम्ही घरी रोज रात्री दोन तास मालिका बघतो, त्याचा हिशेब कुणी मागत नाही. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यात २४ वं कलम विश्रांतीच्या आणि फुरसतीच्या हक्काचं आहे. त्यात घर असण्याची अट नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. शहरी बेघरांच्या निवाऱ्यांसाठी दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची सोय व्हावी, असा निकष सरकारी योजनेनेच घालून दिला होता. मुंबईत तेवढे निवारे आधी व्हायला हवेत, याबद्दल दुमत नाही. मात्र जे आहेत आणि जे होतील, तिथे प्रत्येक खाटेजवळ प्लग आणि कुलपाचा कप्पा असावा, वायफाय असावं, आणि ते नोकरी शोधण्यापुरतंच आहे अशी पाटी लावू नये. महापालिकेच्या वाचनालयांत आणि उद्यानांतही चार्जिंगची सोय करता येईल.

आमच्या पंपरूमच्या बाहेरच्या भिंतीवर एक प्लग आहे, तो कुणीच वापरत नाही. संध्याकाळी दोन तास तो पुलाखालच्या लोकांना वापरू द्यावा, असा लेखी अर्ज मी येत्या रविवारच्या बैठकीत देणार आहे. विजेचे पैसे मी भरीन.

आपली,
एक वाचक, दादर, मुंबई