लॅबमधल्या ताईंना

ताई,

प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव एका ओळीत आलंय, तेही शेवटून दुसऱ्या. तसा रिवाजच आहे, पण मला तो पटत नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

रक्तवाहिनी म्हणजे नळी, आणि हार्मोन कुठल्यातरी दूरच्या ग्रंथीतून वाहत येणार, एवढ्या शिदोरीवर मी आले होते. नर उंदराच्या धमनीत इस्ट्रोजेनचं काय काम, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही 2001 चा एक शोधनिबंध हातात ठेवलात. वृषणं काढलेल्या नर उंदरांच्या धमन्यांत चरबीचे थर वाढले, टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ते कमी झाले. पण सोबत, टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करणारं अरोमॅटेज हे एन्झाइम रोखणारं ॲनास्ट्रोझोल हे औषध दिलं की तो फायदा नाहीसा झाला. म्हणजे राखण करणारं होतं ते टेस्टोस्टेरॉनपासून बनलेलं इस्ट्रॅडिऑल, इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. आणि ते बनवणारं अरोमॅटेज खुद्द धमनीच्या भिंतीतही असतं!

मग ती इव्हान्स ब्लू या निळ्या रंगद्रव्याची दुपार. तारेनं आतून खरवडलेली उंदराची कॅरोटिड, म्हणजे मानेतली धमनी, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची, तुम्ही उभी चिरून पसरलीत. अस्तर जिथे अजून उघडं होतं तिथे गडद निळा, जिथे पेशी पुन्हा पसरल्या होत्या तिथे पांढरा. त्या पांढऱ्याची कड किती लवकर पुढे सरकते यावर पुढचं बरंच अवलंबून असतं; अस्तर रेंगाळलं की मधल्या थरातल्या स्नायुपेशी आत घुसून वाढतात आणि वाट अरुंद होते. इस्ट्रॅडिऑल अस्तराला घाई करायला लावतं आणि स्नायुपेशींना आवरतं. पुस्तकात हे सगळं होतंच, पण मला ते कळलं त्या निळ्या-पांढऱ्या पट्टीवर.

अँटिबॉडी घालून अरोमॅटेज शोधायच्या स्लाइड्सवर ते असल्याची खूण म्हणून तपकिरी रंग उमटला की मी हरखून जायचे. तुमचं ठरलेलं, ‘आधी अँटिबॉडी न घातलेली स्लाइड दाखव.’ रक्ताच्या तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनच्या पेरॉक्सिडेज एन्झाइमसारख्या क्रियेमुळेही तोच रंग येऊ शकतो, हे तुमच्याइतकं चिकाटीनं कुणी सांगितलं नाही. आणि ‘हा उंदीर आहे बाई, माणूस नव्हे,’ हेही. 2002 मध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांवरच्या मोठ्या चाचणीत संयुक्त हार्मोनच्या गोळ्यांनी हृदय राखलं नाहीच, उलट धोका वाढलेला दिसला. माझ्या शेवटच्या प्रकरणातला सावध सूर तुमचा आहे.

ऊतींचे पातळ काप करणाऱ्या मायक्रोटोम यंत्राच्या तुमच्या वहीचे फोटो काढून मी नव्या मुलीला दिलेत. विचारलं नव्हतं. रागावू नका.

तुमची,
कोपऱ्यातल्या टेबलावरची