आकड्याशेजारी वेळ लिहिणाऱ्या ताईंना

सप्रेम नमस्कार ताई,

तळं वाचवलंत म्हणून आभार, असं लिहिलं तर सगळ्यात आधी तुम्हीच चिडाल. तळं अजून वाचलेलं नाही. गाळात साठलेला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं खत, पुढची काही वर्षं तरी डोकं वर काढत राहणार, हे तुम्ही जाता जाता बजावलंतच आहे. म्हणून हे आभार एका ओळीसाठी. पहिल्याच दिवशी पंपघरात टांगलेल्या वहीत, पाण्यातला ऑक्सिजन मोजून, तुम्ही पेन्सिलने लिहिलंत: "पहाटे 5.20. तळापासून हातभर वर. 1.4." आणि खाली: "पृष्ठभागाखाली वीतभर. 2.3."

त्याच्या आदल्याच पानावर, आधी येऊन गेलेल्या तज्ज्ञ मंडळींच्या सुबक अक्षरात आहे: "विरघळलेला ऑक्सिजन 12. पाण्याचा दर्जा उत्तम." वेळ नाही, खोली नाही, पाण्याचं तापमान नाही. मंडळी यायची दुपारी तीनच्या सुमाराला, काठावरूनच बादली भिरकावायची, आणि पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून त्यात मीटर बुडवायची. ओतताना पाणी हवेत घुसळलं गेलं की तो आकडा तळ्याचा राहत नाही, भांड्याचा होतो. पण त्याहून मोठी गंमत त्या 12 मध्येच होती. 30 अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून मिळणारा ऑक्सिजन लिटरला साधारण साडेसात मिलिग्रॅमच मावतो. दुपारी 12 दिसले, तर वरचे साडेचार कुठून आले? हिरव्यागार शेवाळाने भर उन्हात तयार केलेले. जे शेवाळ दिवसा एवढा ऑक्सिजन ओतून देतं तेच रात्री श्वास घेताना तो ओढून घेतं, आणि सूर्य उगवण्याआधीच्या तासाभरात पाणी जवळपास रिकामं होतं. म्हणजे 12 हा आकडा प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला नव्हता, तापाचा पारा होता. तो वाचणाऱ्यांनी त्याला शाबासकी दिली.

लिटरला 5 मिलिग्रॅमच्या वर असलं की मासे निर्धास्त, 3 च्या खाली त्रासात, 2 च्या खाली मरणाच्या दारात, ही ढोबळ मापं वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला तुमच्याच अक्षरात आहेत. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडमीट करतात ते "खेळतात" असं त्या मंडळींनी सांगितलं होतं. तेवढं एक वाक्य विसरायला आम्हाला वेळ लागेल.

मीटरचं तुमचं सगळं वागणंच वेगळं. आधी ओल्या फडक्याच्या दमट हवेत प्रोब (मीटरचं पाण्यात सोडायचं टोक) ठेवून 100 टक्क्यांवर जुळवून घेणं, त्याच्या पटलीखाली, म्हणजे पातळ पडद्याखाली, हवेचा बुडबुडा तर नाही ना हे उजेडाकडे धरून पाहणं, पाण्यात सोडल्यावर केबल हलकेच वरखाली करत राहणं. पटलीवाला प्रोब एका जागी स्थिर धरला की टोकाजवळचा ऑक्सिजन तोच खाऊन टाकतो आणि आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणजे घाईत चुका दोन्ही बाजूंना होतात. आकडा थांबेपर्यंत तुम्ही थांबलात. मग घड्याळ पाहिलंत. मग लिहिलंत. एवढंच. त्या घड्याळाकडे पाहण्यात जे होतं, त्यासाठी हे पत्र.

पारदर्शकतेला मात्र तुमची वेळ उलटी. 20 सेंटीमीटरची काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून भर दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली तिथे एक खूण, वर ओढताना पुन्हा दिसली तिथे दुसरी, दोन्हींची सरासरी. अँजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने 1865 मध्ये समुद्रात थाळी सोडून पाहिली, तेव्हापासून ही युक्ती त्याच्या नावाने चालते आणि तिला सेल लागत नाही. आपल्याकडे ती 22 सेंटीमीटरवर गडप झाली. कोपर भिजायच्या आत.

आता मोरचुदाबद्दल, म्हणजे शेवाळ मारायला घालतात त्या तांब्याच्या निळ्या क्षाराबद्दल. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, तशातला तो प्रकार. शेवाळ दिसलं की मोरचूद, पुन्हा दिसलं की पुन्हा मोरचूद, तेही अख्ख्या तळ्यावर एका दिवसात. एकदम मेलेलं शेवाळ तळाशी जाऊन कुजतं, कुजवणारे जीवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, आणि मासे विषाने नाही तर गुदमरून जातात. मोरचूद घालायचाच असला तर एका वेळी फार तर तिसरा हिस्सा, आणि पुढचा हात दहा-बारा दिवसांनी, म्हणजे माशांना सरकायला जागा राहते. त्याआधी पाण्याची क्षारता (आम्ल पेलायची ताकद) मोजायची: लिटरला 50 मिलिग्रॅमच्या खाली असेल तर मोरचुदाला हात लावायचा नाही, कारण अशा मृदू पाण्यात तांबं माशांच्या कल्ल्यांवर थेट घाव घालतं. शेवाळ हटल्यावर तांबं कुठे जात नाही, गाळात बसून राहतं. आणि शेवाळ नीलहरित जातीचं असेल तर मरताना पेशी फुटून विष पाण्यात उतरतं, जे उकळूनही जात नाही. तुम्ही काचेची बरणी भरून रात्रभर न हलवता ठेवलीत. सकाळी हिरवा थर वर तरंगत होता. नीलहरित बहुधा वर तरंगतं, साधं हिरवं खाली बसतं. पक्की खात्री सूक्ष्मदर्शकाचीच, पण मोरचुदाचं पोतं बांधून ठेवायला ती बरणी पुरेशी होती.

त्या पोत्यावरचा हिशोबही तुम्ही तपासलात. 1000 घनमीटर पाण्यात 1 किलो म्हणजे लिटरला 1 मिलिग्रॅम, इथवर सगळ्यांचं बरोबर. चूक पाणी मोजण्यात. मधली सगळ्यात खोल जागा धरून क्षेत्रफळाला गुणलं होतं. तळं म्हणजे टाकी नव्हे, ते परातीसारखं काठाकडे उथळ होत जातं, आणि सरासरी खोली बऱ्याचदा मधल्या खोलीच्या निम्मी भरते. म्हणजे दर वेळी औषध दुपटीने. बांबूवर हातभर अंतराच्या खुणा करून होडीतून आडव्या-उभ्या रेघांवर खोली मोजत जायचं, हे काम सकाळभराचं. ते आजवर कोणी केलं नव्हतं.

हवा सोडायच्या यंत्राबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. कॉम्प्रेसर आला, नळ्या पसरल्या, सगळे बटणाकडे पाहत होते. आणि तुम्ही म्हणालात, आज अर्धाच तास. उद्या एक, परवा दोन, असं दुप्पट करत आठवड्यात पूर्ण दिवसावर जायचं. कारण तळाशी महिनोन् महिने कोंडलेलं पाणी ऑक्सिजन नसलेलं, सडक्या अंड्यांचा वास येणाऱ्या वायूने भरलेलं. पहिल्याच दिवशी ते सगळं वर ढवळून आणलं तर ज्यांच्यासाठी यंत्र आणलं तेच मरतात. डिफ्यूझर (नळीच्या टोकाचं, हवेचे बुडबुडे सोडणारं तोंड) गाळात न टेकवता विटांवर वीतभर उंच, नाहीतर हवेऐवजी चिखल उडतो. दोन डिफ्यूझर वेगवेगळ्या खोलीवर असतील तर नळीच्या प्रत्येक फांदीला स्वतंत्र व्हॉल्व्ह, कारण हवा आळशी, ती उथळ वाटेने पळते आणि खोल डिफ्यूझर गप्प बसतो. दर मीटर पाण्याला साधारण 0.1 बार दाब लागतो, हे धरून कॉम्प्रेसर निवडायचा. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे वीज गेल्यावर पाणी उलटं चढून यंत्रात शिरत नाही. हे सगळं यंत्रासोबतच्या कागदात असतं म्हणे. अर्ध्या तासानंतर बटण स्वतः जाऊन बंद करणारा माणूस कागदात नसतो.

आणि तरीही तुमचं म्हणणं हेच की यंत्र म्हणजे सलाईन, जेवण बदला. खरं पथ्य फॉस्फरसचं. 1973 मध्ये कॅनडातल्या 226 क्रमांकाच्या तलावात मधोमध पडदा लावून दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, एका बाजूला फॉस्फरसही; हिरवी झाली ती फॉस्फरसची बाजू. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं हे काम. म्हणजे ज्ञान जुनंच आहे, पाळणं नवीन. तळाला ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोखंडाने धरून ठेवलेला फॉस्फरस सुटतो आणि आतूनच खत मिळू लागतं. हवा द्यायची ती याही कारणाने.

बाहेरून येणारं कुठून येतं हे शोधायला तुम्ही पहिल्या पावसाची वाट पाहिलीत. सुरुवातीच्या अर्ध्या तासातलं पाणी सगळ्यात घाण, कारण महिन्यांची धूळ, पालापाचोळा, खत आणि विष्ठा ते एका दमात धुऊन आणतं. तीन ओहोळ, तीन बाटल्या, प्रत्येकीवर वेळ. (पुन्हा वेळ.) उन्हाळ्यात घेतलेले नमुने "निर्दोष" आले होते यात नवल नाही; तेव्हा ओहोळ कोरडेच होते, नमुने तळ्याच्या मधून घेतलेले.

काठावरची गवताची पट्टी आधीही होती, चांगली आठ मीटर रुंद, आणि तिच्या रुंदीवरून अहवालात कौतुकही होतं. तुम्ही पावसात छत्री बाजूला ठेवून उकिडव्या बसलात आणि बोटाने दाखवलंत: पाणी पट्टीतून येतच नाहीये, दोन ठिकाणी घळी पडल्यात, त्यातून सरळ आत जातंय. गवत दोन्ही बाजूंना कोरडं. पट्टी चाळते ती पसरून आलेलं पाणी. एका धारेत आलेल्या पाण्यापुढे आठ काय, वीस मीटरही फुकट. उपाय किती साधा. पट्टीच्या वरच्या अंगाला समपातळीत दगडांची एक ओळ, म्हणजे पाणी तिथे तुंबून सगळ्या लांबीवरून सारखं सांडतं. घळी मातीने बुजवून वर गवताचे ठोंब. कापणी वीतभर उंचीच्या खाली नाही, आणि कापलेलं उचलून लांब न्यायचं, नाहीतर तेच कुजून खत होतं. पाणी शिरतं त्या तोंडाशी गाळ थांबवणारा छोटा खड्डा, तळ्यातल्या पाण्याचा दहावा हिस्सा मावेल एवढा, निम्मा भरला की उपसायचा. अख्खं तळं उपसण्यापेक्षा एक खड्डा उपसणं केव्हाही परवडतं.

उपसलेल्या गाळाचं आणि जलपर्णीचं आधी काय झालं होतं ते आठवलं की अजून राग येतो. दोन्ही बांधावरच टाकले होते. जलपर्णीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं. ढीग लावला की दोन दिवसांत तपकिरी रस परत तळ्यात, आणि गाळ पहिल्या पावसात घरी. शिवाय यंत्राचा फाळ चिकणमातीच्या थरापर्यंत गेला, आणि तेव्हापासून तळं पाझरतं. गाळ काळा आणि लोण्यासारखा मऊ असेतोवर काढावा, चिकट, पिवळट किंवा करडी माती लागली की थांबावं, हे सांगायला तज्ज्ञ लागू नये. बांधावर झाडं लावायचा सोहळाही झाला होता. मुळं बांधात शिरतात, झाड मेलं की मूळ कुजून बोगदा उरतो, पाण्याला वाट मिळते. ती रोपं तुम्ही एकही न मारता खाली हलवलीत.

चांगुलपणा म्हटलं की माणसं गोड बोलणं समजतात. तुम्ही गोड बोलत नाही. "हे मला आज सांगता येणार नाही, उद्या पहाटे बघून सांगते" हे वाक्य मात्र तुम्ही निदान चार वेळा उच्चारलंत, आणि चारही वेळा पहाटे आलात. ज्यांना सगळं दुपारी तीन वाजता उभ्या उभ्या माहीत होतं त्यांच्यानंतर हे ऐकताना कान निवतात. आपला आकडा कुणीतरी पुन्हा तपासावा, चूक असेल तर आपल्याला खोटं पाडावं, याची सोय जो स्वतःच्या हाताने करून ठेवतो, त्याच्या भरवशावर पाणी सोपवायला हरकत नसते. वेळ आणि खोली लिहिली नसती तर 1.4 ला 12 ने सहज खोडून काढलं असतं. दिसायला तो मोठा होता.

कालची नोंद अशी: पहाटे 5.35, तळापासून हातभर वर, 3.9. पाणी 26 अंश. आदला दिवस ढगाळ. थाळी 41 सेंटीमीटरवर. 5 अजून लांब आहे. खोल डिफ्यूझरचे बुडबुडे कालपासून बारीक आलेत. हवेची गाळणी साफ केली, फरक नाही, तेव्हा आज त्या फांदीचा व्हॉल्व्ह उघडून पाहणार. प्रोबच्या पटलीचा एक जादा संच आणि भरायचं द्रावण तुमच्याकडे असेल तर पुढच्या खेपेला आणा. वही संपत आली आहे. नवीन वहीला रकाने आखून ठेवलेत, डावीकडचा पहिला वेळेचा.

आपले,
तळ्याकाठची मंडळी