मुथम्मा म्हणजे एका मार्काचा प्रश्न नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

माझी मुलगी दोन वर्षं झाली यूपीएससीचा अभ्यास करतेय, इथल्याच अभ्यासिकेत बसते आणि रात्री जेवणं झाली की वही माझ्याकडे देऊन म्हणते आई प्रश्न घे. परवा मी विचारलं, परीक्षा देऊन परराष्ट्र सेवेत गेलेली पहिली महिला कोण, तर तिनं भांडी पुसता पुसताच सांगितलं, सी. बी. मुथम्मा, पुढचा घे. मला राहवलं नाही, म्हटलं थांब, पुढचा नको, यांच्याबद्दल अजून काय माहितीय ते सांग. काहीच नाही. वहीत तेवढी एकच ओळ होती. म्हणून हे पत्र लिहितेय.

मुथम्मा कर्नाटकातल्या कोडगूच्या, विराजपेटच्या, जन्म १९२४ चा. वडील फॉरेस्ट ऑफिसर, ते त्या नऊ वर्षांच्या असतानाच गेले, पुढे आईनं चारही मुलांना शिकवलं. मद्रासला एम. ए. झाल्या, १९४८ ला परीक्षा पास झाल्या आणि १९४९ ला सेवेत आल्या. पण इंटरव्ह्यूत काय झालं ते बघा. त्यांनी पुढे सुप्रीम कोर्टात जो अर्ज केला त्यात लिहिलंय की आयोगाच्या अध्यक्षांनी त्यांना परराष्ट्र सेवेत जाऊ नका म्हणून सांगून बघितलं, आणि नंतर त्याच अध्यक्षांनी स्वतः त्यांना सांगितलं की मी माझं वजन वापरून तुला तोंडी परीक्षेत कमीत कमी मार्क द्यायला लावले. तरीही त्या आत आल्या! आणि आल्या आल्या लिहून द्यावं लागलं की लग्न केलं तर राजीनामा देईन.

हे नुसतं तोंडी चालत नव्हतं, नियम होता छापलेला. १९६१ च्या आचरण नियमांतला ८(२) म्हणतो, महिला अधिकाऱ्यानं लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नानंतर घरसंसारामुळे कामात अडथळा येईल असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल. त्याच साली आलेल्या भरतीच्या नियमांत १८(४) होता, विवाहित महिलेला या सेवेत नेमणुकीचा हक्क म्हणून नाही. पुरुषाला यातलं काहीच लागू नाही. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या हॉलमधला सोफा आठवला, गेल्या दिवाळीनंतर मुलीला बघायला पाहुणे आले होते तेव्हाचा, पोह्यांची प्लेट हातात धरून त्यांनी विचारलं होतं, परदेशात पोस्टिंग आलं तर घरचं कोण बघणार? त्यांचा मुलगाही परीक्षाच देतोय, पण त्याला हे कोणी विचारलं नाही, आणि मी पण नाही विचारलं, त्याची चुटपुट अजून लागलीय.

मुथम्मांनी पॅरिस, रंगून, लंडन इथं काम केलं, १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या, मग घानात. एवढं करूनही वरच्या ग्रेडचं प्रमोशन आलं तेव्हा त्यांना डावललं आणि ज्युनिअर पुढे गेले. त्या सरळ सुप्रीम कोर्टात गेल्या, नोकरीत असताना, आपल्याच सरकारच्या विरोधात. केस चालू होती तेवढ्यात सरकारनं प्रमोशन दिलं आणि नेदरलँड्समध्ये हेगला राजदूत म्हणून पाठवलं, शिवाय कोर्टात सांगितलं की ८(२) काढलाय, १८(४) पण काढतोय. त्यामुळे १७ सप्टेंबर १९७९ ला अर्ज निकाली निघाला, पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्पष्ट लिहिलं की अर्ज फेटाळतोय, प्रश्न फेटाळत नाही. घरसंसाराची अडचण बाईला येऊ शकते तर पुरुषालाही येऊ शकते, हे त्यांनी त्यात सरळ मांडलंय, आणि सरकारला सांगितलंय की सगळ्या सेवांचे नियम तपासा, कोणीतरी केस करायची वाट बघू नका. मुथम्मांची सीनिऑरिटी पुन्हा बघायचा आदेशही त्यातच आहे. अवघ्या काही पानांचा निकाल आहे, एका बैठकीत वाचून होतो.

एक गोष्ट मला सारखी आठवत राहते, मुथम्मांनी स्वतः लग्न केलंच नाही. म्हणजे त्या नियमांनी त्यांच्यापुरतं आता काहीच अडत नव्हतं, तरी मागून येणाऱ्या लग्न झालेल्या मुलींसाठी त्यांनी ते कोर्टात ओढून आणले. २००१ मध्ये चोकिला अय्यर पहिल्या महिला परराष्ट्र सचिव झाल्या, नंतर निरुपमा राव, सुजाता सिंह, ती वाट इथून फुटलीय असं मला मनापासून वाटतं. मुथम्मा ३२ वर्षं नोकरी करून १९८२ मध्ये रिटायर झाल्या, ऑक्टोबर २००९ मध्ये बंगळुरूला वारल्या.

आपल्या पेपरची स्पर्धा परीक्षा पुरवणी इथल्या अभ्यासिकेत रोज चार हातांतून फिरते, कात्रणं भिंतीला लागतात. २४ जानेवारीला मुथम्मांचा जन्मदिवस असतो. त्या दिवशी पुरवणीत या निकालाचा मराठी अनुवाद द्यावा, ८(२) आणि १८(४) शब्दशः छापून, ही कळकळीची विनंती. मुलीनं तिच्या वहीत त्या एका ओळीखाली अर्धं पान कोरं सोडलंय.

आपली नियमित वाचक,
जि. सातारा