सूचना : निवेदनाचा मसुदा आणि रविवारची बैठक

सर्व सभासद बंधू-भगिनींना नमस्कार.

पूरक आहाराच्या उत्पादनांना अन्नाऐवजी औषध नियंत्रकांच्या अखत्यारीत आणावं का, हे तपासायला केंद्राने २०२४ मध्ये समिती नेमली होती, हे आपणास ठाऊक आहेच. आपलं म्हणणं लेखी मांडायचं आहे, म्हणून रविवारी सकाळी ११ वाजता रामबागेतल्या नेहमीच्या सभागृहात बैठक आहे.

मुद्दा सरळ आहे. एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे) २०१६ चे विनियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. जीवनसत्त्वांच्या मात्रेवर त्यात मर्यादा आहे, आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ हे लेबलवर छापणं बंधनकारक आहे. म्हणजे नियम आहेत, कमी पडते ती तपासणी. प्रथिन पावडरीच्या डब्याला औषधाचा परवाना लावून बनावट माल थांबणार नाही. छोट्या उत्पादकाचं दुकान मात्र बंद होईल.

पण निवेदन घेऊन जाताना आपली पाटी स्वच्छ हवी. ‘मधुमेह मुळापासून बरा’ असली पत्रकं दवाबाजारात अजून फिरतात, त्यांतली काही आपल्याच सभासदांची आहेत. (नावं इथे घेत नाही, त्यांना कळलं असेल.) दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाखांपर्यंत दंड आहे. असली पत्रकं आजच उचला.

शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या परवान्याची प्रत, एका उत्पादनाचं लेबल आणि प्रयोगशाळेचा अहवाल सचिवांकडे पोहोचवावा. व्हॉट्सॲपवरचे तिरके फोटो नकोत, छापील प्रत द्या. पोहे-जिलेबीची सोय आहे.

— कार्यकारिणी, इंदूर