खड्डा नको, छपराखालचा ढीग हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोषण आहारातील उरलेला भात आणि भाजीची देठे यांचे खत करून ते शाळेच्याच झाडांना घालण्याचा उपक्रम आमच्या शाळेतील मुलांनी मनापासून चालवला आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ, या हिशेबाने 60 मुलांच्या शाळेत रोज 6 किलो तांदूळ शिजतो. त्यातला दहावा हिस्सा जरी ताटांत राहिला तरी दीड किलोहून अधिक शिजलेला भात होतो. (तो मुळात उरू नये, हे खरेच.) माझे म्हणणे एवढेच की, खतासाठी खड्डाच खणावा असा जो आग्रह वरून धरला जातो, तो देशावर ठीक असेल, कोकणात तो चालत नाही. आमच्या शाळा जूनच्या मध्यास, ऐन पाऊस लागताना उघडतात. गेल्या वर्षी मुलांनी उत्साहाने खणलेला खड्डा आठवड्याभरात तुडुंब भरला, भात आंबला आणि त्या वासाने शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या.

त्यानंतर बाईंनी स्वयंपाकघरामागे जांभ्याच्या चिऱ्यांचा ओटा करून वर पत्रे घातले आणि ओट्यावर ढीग रचला. नुसत्या भाताचा गोळा होतो, आत हवा खेळत नाही. म्हणून एक घमेले ओल्या कचऱ्यावर दोन ते तीन घमेली सुका पातेरा, म्हणजे झाडांखाली गळलेला पाला, पडतो. चौथीतली मुलगी ढिगातून मूठभर खत काढून घट्ट दाबते. बोटांतून पाणी गळले तर आणखी पातेरा घालायचा, गोळा जुळलाच नाही तर पाणी शिंपडायचे, हे तिला आता कोणी सांगावे लागत नाही. डब्यातले माशाचे काटे मात्र ढिगात टाकू देत नाहीत, कारण मांजरे आणि घुशी रात्रीत सगळे उकरून ठेवतात.

अडचण पातेऱ्याची आहे. जूननंतर सुका पाला मिळणार नाही, आणि मार्च-एप्रिलमध्ये आंबा-काजूखालचा पातेरा आपण झाडून पेटवून देतो, तोही पुष्कळदा शाळेच्याच आवारात. तो पोत्यांत भरून पडवीत ठेवला तर पावसाळाभर पुरतो. तयार खतही सगळेच पावसाच्या तोंडावर झाडांच्या आळ्यांत घालू नये. आपल्या जांभ्याच्या जमिनीतून त्यातला कस मुसळधार पावसात झिरपून जातो, त्यामुळे निम्मे तरी गणपतीनंतर घालावे.

उपक्रमाच्या अहवालात अजूनही 'खड्ड्याचा फोटो' मागतात. तेथे छपराखालचा ढीगही ग्राह्य धरावा आणि शाळेच्या अनुदानातून चार पत्र्यांचा खर्च करण्यास मुभा द्यावी, अशी शिक्षण विभागास विनंती आहे.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य,
रत्नागिरी जिल्हा