डागडुजीचा शेरा कॅटलॉगमध्ये छापा

संपादक महोदय,

ग्रेडेड नोट म्हणजे निर्धोक खरेदी, असा समज जुन्या नोटांच्या लिलावांत पक्का झाला आहे. पीएमजीसारखी कंपनी नोट तपासून ७० पैकी अंक देते आणि प्लास्टिकच्या पाकिटात बंद करते, इथवर ठीक. पण फाट जोडलेली असेल, छिद्रे बुजवलेली असतील, तर तो शेरा येतो लेबलच्या मागे, बारीक अक्षरांत. आणि कॅटलॉगवाले फोटो छापतात पुढच्या बाजूचा! दोष मोठा असेल तर अंकाशेजारी 'नेट' ही दोषाची खूण लागते, किरकोळ डागडुजीला तीही नाही.

लेबलवरचे 'ईपीक्यू' म्हणजे कागद मूळ स्थितीत. ६५ आणि त्यावरच्या अंकाला ते असावेच लागते, त्यामुळे खरा घोळ त्याखाली. ५८ अंक आहे आणि ईपीक्यू नाही, तर का नाही हे विचाराच. आपल्या नोटांत गड्डीला बँकेनेच मारलेल्या पिनांची छिद्रे सर्रास असतात. ती उघडी असलेली चालतात. बुजवायला जाऊन उगाच शेरा ओढवून घेतात.

ब्रिटिश काळातल्या एका बाजूने छापलेल्या नोटा हे आणखी नाजूक प्रकरण. टपालात चोरी होऊ नये म्हणून त्या मधोमध कापून अर्धे वेगवेगळे धाडत आणि पोचल्यावर मागे कागदी पट्टी लावून जोडत. ती पट्टी हा वापराचा पुरावा. ती ओल देऊन सोडवायची, जपानी टिश्यू (पातळ, चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीने सांधा भरायचा, वर रंगाचा हात फिरवायचा आणि 'मधली घडी' म्हणून विकायचे, ही शुद्ध फसवणूक आहे.

पाकिटातूनही बरेच कळते. मागून उजेड धरला की सांध्यावर कागद दाट-विरळ दिसतो. तिरप्या उजेडात, घड्या घालवायला दाबलेल्या नोटेच्या छपाईचा उठाव बसलेला दिसतो. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली जुना चिंध्यांचा कागद मंद राहतो, तर भरलेला आधुनिक पांढरा कागद निळसर चमकतो. टिश्यू आणि खळ मात्र चमकेलच असे नाही, म्हणून एकट्या टॉर्चवर विसंबू नये.

फाटत चाललेली नोट जोडण्यात गैर काही नाही. लिलावगृहांनी दोन्ही बाजूंचे फोटो द्यावेत आणि मागचा शेरा वर्णनात शब्दशः छापावा, एवढीच आमची मागणी. पाकीट फोडून नोट पुन्हा ग्रेडिंगला पाठवली असेल, तर आधीचा शेराही सांगावा. महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणारी ठरते. तोवर ग्राहकांनी बोली लावण्यापूर्वी लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून शेरे वाचावेत.

– काही नोटसंग्राहक, पुणे